मताधिकाराची ती निशाणे नेमकी कोणी शिवली?

साखळीटाका (धागाकर्ती)

नमस्कार. मी गेली बावीस वर्षे सांगलीत भरतकामाचे वर्ग घेते. त्यामुळे कोणतेही कापड समोर आले की माझा हात आधी त्याची उलटी बाजू पाहायला जातो. गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला गेले असताना ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीची काही जुनी निशाणे काचेआडून पाहण्याचा योग आला. उलटी बाजू अर्थातच दिसली नाही, पण सुलट बाजूही पुष्कळ बोलत होती. मखमलीचे मोठाले तुकडे रेशमावर बसवून त्यांच्या कडेने जाड दोरी टाचली होती, अक्षरे भरलेली नव्हती तर कापून लावलेली होती, आणि एका अक्षराच्या पोटात दोरी जरा जास्त ओढली गेल्यामुळे रेशमाला बारीकशी चूण पडली होती. ती चूण पाहून मला फार बरे वाटले. उद्या सकाळी काम द्यायचे असले की रात्री माझ्याही हातून तशीच पडते.

शेजारच्या पाटीवर आराखडा करणारीचे नाव होते, संस्थेचे नाव होते आणि सालही होते. शिवणारीचे नाव नव्हते. मुलीने विचारले, "आई, हे शिवले कोणी?" आणि मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचले तेव्हा समजले की १३ जून १९०८ च्या लंडनमधील मिरवणुकीसाठी आर्टिस्ट्स सफ्रेज लीग या चित्रकार स्त्रियांच्या संघाने सत्तर-ऐंशी निशाणे तयार केली होती. माझ्या वर्गातल्या अकरा जणींना त्यांपैकी एक करायला किमान तीन आठवडे लागतील. या चळवळीत चित्रकार आणि हस्तकलेच्या स्त्रियांचे काम नेमके कसे चालत असे, आणि शिवणाऱ्यांची नावे का उरली नाहीत, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

इतिहासाचा_विद्यार्थी

उत्तम विषय. ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. सनदशीर मार्गाने जाणाऱ्या संस्थांचा महासंघ १८९७ चा, त्याच्या प्रमुख मिलिसेंट फॉसेट. जहाल गटाची स्थापना एमेलिन पँखर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टरला केली. फॉसेटबाईंच्या लोकांचे रंग तांबडा, पांढरा आणि हिरवा, तर पँखर्स्टबाईंच्या गटाचे १९०८ पासून जांभळा, पांढरा आणि हिरवा. निशाणाचा फोटो पाहताना हा फरक लक्षात ठेवला की अर्धा गोंधळ मिटतो.

लीगची स्थापना जानेवारी १९०७ मध्ये मेरी लाउंड्स यांनी केली, आणि कारण अगदी व्यवहारातले होते. ९ फेब्रुवारीला महासंघाची लंडनमध्ये पहिली मोठी मिरवणूक निघायची होती आणि तिच्यासाठी फलक व निशाणे हवी होती. त्या दिवशी पाऊस आणि चिखल इतका होता की तीन हजारांवर बायकांची ती मिरवणूक इतिहासात 'चिखलातली मिरवणूक' म्हणूनच राहिली.

तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल सांगायचे तर आराखडे बहुतेक लीगच्या चित्रकारांचे, त्यांतही पुष्कळसे खुद्द लाउंड्सबाईंचे असत, आणि शिवणकाम सभासद व स्वयंसेविका वाटून घेत. लाउंड्सबाईंची एक आराखड्यांची वही लंडनच्या विमेन्स लायब्ररीत जपलेली आहे. तीत रंगवलेल्या चित्रांसोबत कापडाचे छोटे नमुने लावलेले आहेत, म्हणजे शिवणारीला रंगाचा अंदाज करत बसावे लागू नये.

तिरकस

आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर चौसष्ट शुभेच्छुकांची नावे आणि तितकेच चेहरे असतात, पण बांबूवर चढून तो बांधणाऱ्या पोराचे नाव मी अजून कधी वाचलेले नाही. साखळीटाका ताई, आपला प्रश्न फक्त लंडनपुरता ठेवू नये ही विनंती.

लंडनकर_मावशी

तिरकस यांनी गमतीने फ्लेक्स आणला खरा, पण निशाण आणि असा अक्षरांनी भरलेला फलक यांतला फरक लाउंड्सबाईंनी एका निबंधात मांडला होता. १९०९-१० च्या सुमारास 'द इंग्लिशवुमन' मासिकात आलेल्या त्या निबंधाचा विषयच निशाण कसे करावे हा होता. त्यांचे म्हणणे असे की निशाण हे वाचायचे नसते. ते वाऱ्यावर हलावे, रंग दाखवावा आणि लपवावा, आणि पाहणाऱ्याने त्यापुढे भक्तीने उभे राहावे. दिंडीतली पताका ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिच्यावर एकही अक्षर नसते, तरी ती कोणाची आहे हे मैलभरावरून कळते.

मेरी लाउंड्स मूळच्या रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या. १८९७ मध्ये त्यांनी आल्फ्रेड ड्रुरी या कारागिराबरोबर भागीदारीत कारखाना काढला आणि १९०६ मध्ये फुलहॅम भागात 'ग्लास हाउस' ही स्वतंत्र इमारत उभी केली. ज्यांच्याकडे स्वतःची भट्टी नाही अशा कलावंतांना तिथे जागा भाड्याने घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली खिडकी पूर्ण करता येई, आणि विल्हेल्मिना गेड्स किंवा मार्गारेट अॅग्नेस रोप यांच्यासारख्या स्त्रियांनी तिथे काम केले. रंगीत काचेत रंगाचा एकेक सपाट तुकडा शिशाच्या काळ्या पट्टीने बांधलेला असतो. धागाकर्तीने मखमलीच्या तुकड्याभोवती टाचलेली जी जाड दोरी पाहिली, तिच्याकडे आता या नजरेने पाहा. खिडकी करणाऱ्या बाईने कापडाची खिडकी केली आहे असे मला तरी ती निशाणे पाहताना वाटते. दुरून दिसायचे तर बारीक भरतकाम उपयोगाचे नाही, हे तिला देवळाच्या उंचीवर काच बसवताना आधीच कळलेले होते.

साखळीटाका

मावशी, आपण माझे डोळे उघडलेत. मी ती दोरी पाहून मनात म्हटले होते की बायांनी वेळ वाचवण्यासाठी सोपा मार्ग काढला आहे.

छापखानावाला

माझ्या वडिलांचा खिळे जुळवण्याचा छापखाना होता, म्हणून मी सुई सोडून ठशांबद्दल लिहितो. लीगखेरीज दुसरी एक संस्था होती, सफ्रेज आतेलिए. ती फेब्रुवारी १९०९ मध्ये निघाली, आणि तिच्या संस्थापकांत क्लेमन्स हाउसमन व त्यांचा भाऊ लॉरेन्स हे दोघे होते. केन्झिंग्टनमधल्या त्यांच्या घरामागच्या चित्रशाळेतच तिचे काम सुरू झाले.

क्लेमन्सबाई लाकडावर कोरणाऱ्या होत्या. बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाच्या आडव्या कापावर पोलादी कोरणीने रेघ काढायची, आणि जी रेघ पांढरी हवी ती कोरून टाकायची, असे ते काम असे. एक चूक झाली की ठोकळा वाया जातो. सचित्र साप्ताहिकांसाठी हे काम करून त्या कमावत होत्या, पण फोटोवरून जस्ताचे ब्लॉक करण्याची पद्धत आली आणि कोरणाऱ्यांचा धंदा बसला. आमच्याकडे ऑफसेट आल्यावर वडिलांच्या खिळ्यांच्या पेट्या भंगारात किलोवर गेल्या, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला परकी वाटली नाही. बाजाराने नको म्हटलेले ते कसब चळवळीच्या कामी आले. भित्तिपत्रक ठशावरून हाताने छापता येत असल्यामुळे राजकीय घडामोड झाली की बाहेरच्या छापखान्याची वाट न पाहता पत्रक रस्त्यावर आणता येई. या संस्थेत नवशिक्या स्त्रियांनाही ठसे कापायला आणि छापायला शिकवत.

पुढे १९११ मध्ये याच क्लेमन्सबाईंनी मत नाही तर करही नाही अशी भूमिका घेतली आणि काही शिलिंगांच्या करासाठी होलोवे तुरुंगात गेल्या. सरकारने त्यांना आठवड्याभरात सोडून दिले. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीला आलेले होते.

मोरपीस

छापखानावाला, आपला प्रतिसाद सुंदर आहे. सफ्रेज आतेलिएबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची गोष्ट. तिथे ज्या स्त्रीचे चित्र कार्डावर किंवा पत्रकावर विकले जाई तिला नफ्यातला वाटा मिळे. लीगच्या चित्रकार मात्र चळवळीसाठी आपले काम फुकट देत, कारण त्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता आणि त्यांना ते परवडत होते.

मी रांगोळी आणि रंगमंचाची सजावट करते. काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या एका कार्यक्रमासाठी मी दोन रात्री जागून पडदा रंगवून दिला. वक्त्यांना मानधन मिळाले, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळाले, हारवाल्यालाही मिळाले, आणि मला सांगण्यात आले की आपण तर आपल्याच आहात. स्त्रीच्या कामाचे मोल व्हावे म्हणून जमलेल्या त्या सभेत मी सर्वांत मागच्या रांगेत बसले होते. त्यामुळे कोणत्या संस्थेने कलावंताला वाटा दिला हा माझ्यासाठी कोरडा प्रश्न नाही.

कृष्णाकाठ

मला या धाग्यातला सूर थोडा भाबडा वाटतो, म्हणून वेगळे मत मांडतो. रेशीम आणि मखमल कोणाच्या घरी होते? दुपारी चार तास बसून निशाण शिवायची सवड कोणाला होती? ज्या बाया पोटासाठी दिवसाचे बारा-चौदा तास शर्टांना काजे करत होत्या त्यांच्या हाती ही निशाणे नव्हती. शिवणाऱ्यांची नावे राहिली नाहीत याचे दुःख करताना आपण एका सुखवस्तू वर्गाच्या हौसेला कारागिरी म्हणत नाही ना, हेही पाहावे.

या सगळ्यांत मला एकच चित्रकार वेगळी वाटते, सिल्व्हिया पँखर्स्ट. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना तिने खासदार कीर हार्डी यांच्यामार्फत संसदेत प्रश्न विचारायला लावला, तेव्हा सोळा शिष्यवृत्त्यांपैकी तीनच मुलींना मिळतात हे बाहेर आले. १९०७ मध्ये ती कष्टकरी स्त्रियांची चित्रे काढत फिरली. क्रॅडली हीथला भट्टीपुढे साखळ्या घडवणाऱ्या, स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या कारखान्यांतल्या, हेरिंग मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश आणि ग्लासगोच्या सूतगिरणीतल्या स्त्रिया तिने कामाच्या जागी उभे राहून रंगवल्या. त्यांतली काही चित्रे आता टेट संग्रहालयाकडे आहेत. त्यांत कोणी पाहणाऱ्याकडे बघत नाही, सगळ्यांची नजर हातातल्या कामावर आहे. पुढे तिने चित्रकला जवळजवळ सोडूनच दिली, आणि १९१४ च्या युद्धात पूर्व लंडनमध्ये बेकार झालेल्या बायांसाठी खेळण्यांचा कारखाना काढून तिथे जगण्यापुरती तरी मजुरी मिळेल असे पाहिले. हे मला शंभर मखमली निशाणांहून मोठे वाटते.

लंडनकर_मावशी

कृष्णाकाठ, वर्गाचा मुद्दा मान्य आहे, पण सिल्व्हियाला बाकीच्यांविरुद्ध उभे करू नका. तिनेच १९०९ च्या प्रिन्सेस स्केटिंग रिंकमधल्या प्रदर्शनासाठी वीस फूट उंचीची भित्तिचित्रे केली, तुतारी वाजवणारी देवदूताची आकृती केली आणि होलोवे तुरुंगातून सुटलेल्यांसाठी चांदीची पिन आखली. त्या पिनेवर संसदेचे जाळीदार दार आहे आणि मध्ये कैद्यांच्या कपड्यावर असतो तो बाण, तिन्ही रंगांच्या मिनाकामात. देवदूताचे ते चिन्ह असलेले चहाचे कप-बशा प्रदर्शनातल्या उपाहारगृहात वापरले आणि नंतर निधीसाठी विकले. ती ज्या हाताने साखळ्या घडवणारी रंगवत होती त्याच हाताने कपावरची नक्षीही काढत होती.

सह्यगिरी

कृष्णाकाठ यांच्या बाजूने एक पुरवणी. सगळीच निशाणे चळवळीतल्या बायांनी शिवलेली नव्हती. जहाल गटाच्या मँचेस्टर शाखेचे १९०८ चे निशाण, जे शहरातल्या पीपल्स हिस्टरी म्युझियमने २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या मदतीने विकत घेतले, ते एका व्यावसायिक कारखान्यात तयार झाले होते. असे कारखाने कामगार संघटनांची निशाणे करत आणि तिथेही शिवायला मजूर बायाच असत. म्हणजे धागाकर्तीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हजेरीपटात आणि पगाराच्या वहीत शोधावे लागेल.

पाणकळा

अवांतर वाटल्यास क्षमस्व, पण या मिरवणुकांत आपल्याकडच्या बायका होत्या का?

इतिहासाचा_विद्यार्थी

होत्या, आणि ते फारसे अवांतर नाही. पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त चळवळीने १७ जून १९११ ला काढलेल्या मिरवणुकीत भारतीय स्त्रियांचे एक छोटे पथक होते. साड्या नेसलेल्या त्या स्त्रियांचा फोटो उपलब्ध आहे आणि त्यांच्या पथकाचे चिन्ह हत्तीचे होते. मात्र त्यांना साम्राज्याच्या देखाव्याचा भाग म्हणून बोलावले होते, हे विसरून चालणार नाही. त्याच मिरवणुकीत डोरा मीसन कोट्स या चित्रकर्तीने रंगवलेले ऑस्ट्रेलियाचे निशाण होते. मुलगी ऑस्ट्रेलिया आई ब्रिटानियाला सांगते की मी स्त्रियांवर विश्वास ठेवला, तूही ठेव. ते आता कॅनबेराच्या संसद भवनात आहे. तिथल्या स्त्रियांना १९०२ मध्ये मत मिळाले होते, पण आदिवासी स्त्रियांना त्यातून वगळले होते, आणि निशाणावर अर्थातच त्याचा मागमूस नाही. मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठान १९१९ मध्ये भारतीय स्त्रियांची बाजू मांडायला लंडनला गेल्या, आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात मर्यादित का होईना पण स्त्रियांना मत मिळाले.

तिरकस

सगळे गोडच चालले आहे म्हणून एक काडी टाकतो. मार्च १९१४ मध्ये याच चळवळीतल्या मेरी रिचर्डसन यांनी नॅशनल गॅलरीत शिरून व्हेलास्केथच्या वीनसवर खाटिकाचा सुरा चालवला. एकीकडे कलावंतांची चळवळ म्हणायचे आणि दुसरीकडे चित्र फाडायचे, हे कसे?

लंडनकर_मावशी

काडी पेटली नाही. आदल्या दिवशी ग्लासगोत एमेलिन पँखर्स्ट यांना अटक झाली होती आणि रिचर्डसनबाईंनी त्याचा निषेध म्हणून ते केले. ते मला आवडते असे मी म्हणणार नाही. पण कलावंताने सरकारी भिंत कशी वापरावी याचे दुसरे उदाहरण पाहा. मॅरियन वॉलेस डनलॉप या चित्रकार-शिल्पकार बाईंनी जून १९०९ मध्ये संसदेच्या सेंट स्टीफन्स हॉलच्या भिंतीवर जांभळ्या शाईचा ठसा उमटवला, आणि ठशात काय होते तर राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेला हक्क आहे हे सांगणारे, १६८९ च्या हक्काच्या सनदेतले वाक्य. म्हणजे संसदेचाच कायदा संसदेच्याच भिंतीवर लिहिला म्हणून शिक्षा झाली. तुरुंगात राजकीय कैद्याची वागणूक मिळेना, तेव्हा ५ जुलैला त्यांनी अन्न सोडले आणि ९१ तासांनंतर त्यांना सोडावे लागले. या चळवळीतले पहिले उपोषण ते. पुढच्या मोठ्या मिरवणुकांची आखणीही त्यांनी केली.

गोधडीवाली

उपोषणाचा विषय निघाला म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते. साखळीटाका ताई, जिथे शिवणाऱ्यांची नावे उरली आहेत असे कापडही आहे. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये भरतकाम शिकवणाऱ्या ॲन मॅकबेथ यांनी १९१० मध्ये जहाल गटाच्या ग्लासगोतील प्रदर्शनासाठी एक गोधडी आखली. तुरुंगात उपोषण केलेल्या ऐंशी स्त्रियांच्या सह्या तिच्यावर भरलेल्या आहेत. जहाल गटाच्या नेत्यांपैकी पेथिक-लॉरेन्स दांपत्याने ती दहा पौंडांना घेतली, आणि पांघरायची ती वस्तू जून १९१० च्या मिरवणुकीत निशाण म्हणून चालली. आमच्याकडे लेकीच्या गोधडीला आत्या, मावशी, आजी यांच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे लावतात आणि कोणता तुकडा कोणाचा हे घरातल्या प्रत्येकीला ठाऊक असते. इथे तुकड्यांच्या जागी नावे आहेत.

दुसरा आहे तो साधा रुमाल, ससेक्समधल्या वेस्ट होथली गावच्या प्रीस्ट हाउस संग्रहालयात. मार्च १९१२ मध्ये खिडक्या फोडल्याबद्दल होलोवेत डांबलेल्या स्त्रियांपैकी ६६ जणींनी त्यावर आपापली सही भरली. पन्नासेक वर्षांपूर्वी गावच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून उरलेला तो रुमाल शेकोटीत जाता जाता वाचला. त्यातली अक्षरे सारखी नाहीत. कोणाला सुई चांगली चालत होती, कोणाला मुळीच नाही, आणि ते उघड दिसते. निशाणावरच्या अनाम शिवणाऱ्यांपेक्षा हात इथे कच्चे आहेत, पण नावे पक्की आहेत. मतदारयादीत नाव घालायला सरकार तयार नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या याद्या केल्या, असे मी माझ्यापुरते समजते.

छापखानावाला

गोधडीवाली ताईंचा मुद्दा पटला, पण त्याची उलटी बाजूही आहे. याच चळवळीने २ एप्रिल १९११ च्या जनगणनेत नाव द्यायला नकार दिला होता. मोजत नसाल तर मोजू देणार नाही, ही कल्पना पसरवण्यात लॉरेन्स हाउसमन पुढे होते. बाया रात्रभर घराबाहेर राहिल्या. चळवळीतल्या एमिली डेव्हिसन तर संसदेतल्याच एका कपाटात लपून बसल्या आणि सापडल्यावर त्यांची नोंद संसदेच्या पत्त्यावर झाली.

तिरकस

म्हणजे मताच्या आधी त्यांना पत्ता मिळाला. ही काडी मात्र मी सप्रेम मागे घेतो.

कृष्णाकाठ

गोधडीवाली, रुमाल मला ठाऊक नव्हता. माझ्या प्रतिसादातला 'हौस' हा शब्द मी परत घेतो. रेशमाबद्दलचे म्हणणे कायम आहे. १९१८ मध्ये मत मिळाले तेही तिशीवरच्या आणि घर-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. काजे करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला १९२८ पर्यंत थांबावे लागले.

साखळीटाका

सर्वांचे मनापासून आभार. धाग्याची प्रत काढून वर्गात वाचून दाखवली. आम्ही अकरा जणी मिळून येथील वाचनालयासाठी एक निशाण करायला घेतले आहे. समोर फक्त पुस्तकाचे चित्र आणि रंग राहतील, अक्षर एकही नाही. मावशींना ते आवडेल. मागच्या अस्तरावर प्रत्येकीने आपले नाव स्वतः भरायचे ठरले, आणि तिथे वाद सुरू झाला. माहेरचे आडनाव घालायचे की सासरचे, यावर दोन दिवस कोणाचेही टाके पुढे सरकले नाहीत. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी काही न बोलता आपले नुसते नाव भरले आणि पुढची चार बोटे जागा मोकळी सोडली.

मोरपीस

दोरा कोणता घेतला? अस्तरावर सहापदरी घेतला असेल तर दोनच पदर वापरा, नाहीतर समोरून उठाव दिसेल.

साखळीटाका

दोनच घेतले आहेत. आणि हो, वाचनालयाने कापड, दोरा आणि प्रत्येकीची मजुरी देण्याचे लेखी कबूल केले आहे.